निंबाजवळचं घर की उघड्यावरचं?

नागपुरात घर घ्यायचं म्हणून भाचा दोन घरांत अडकलाय. एक प्रतापनगरात: तीस बाय पन्नासचा प्लॉट, जुनं दुमजली घर आणि पश्चिमेच्या भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर घराहून उंच कडुनिंब. दुसरं बेस्याकडे: पाच वर्षांचं, चकचकीत टाइल्सचं, आणि आजूबाजूला शेळी बांधायलाही झाड नाही. भाव जवळपास सारखाच. झाडालगतच्या घरात मी बावीस वर्षं काढलीत, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

उन्हाचं आधी बोलू. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा गावात पश्चिमेची सावली म्हणजे चैन नव्हे. कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पानं टाकतो आणि मेअखेरचा नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत पुन्हा गच्च होतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा हजर. बेस्याच्या घरात वरच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात रात्री दहाला हात लावून बघा, तव्यासारखी लागेल. कूलर मग गरमच हवा फिरवत बसतो.

पण त्याच उघड्या स्लॅबवर सोलर मस्त चालतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि निंबाची सावली दुपारनंतर पॅनलवर आली की वीजनिर्मिती घटलीच म्हणून समजा. इथे बेसा सरळ जिंकतं.

खरी गोम मात्र जमिनीत आहे. नागपूरच्या बऱ्याच वस्त्या काळ्या मातीवर उभ्या आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे झाडाकडची बाजू जास्त आकसते आणि पाया एकीकडून खचतो. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी वर गेली होती. मे महिन्यात तिच्यात आठ आण्याचं नाणं उभं शिरायचं, ऑगस्टमध्ये नखही जायचं नाही. चार वर्षं मी तिच्या टोकाशी पेन्सिलनं तारखा लिहिल्या. दरवर्षी उघडून मिटणारी भेग निभावून नेता येते. टोक पुढे सरकतच राहिलं तर इंजिनिअर बोलवावा लागतो. म्हणून असं घर मे महिन्यात पाहा. दिवाळीत नुकतं पुट्टी मारून रंगवलेलं पाहिलंत तर काही कळणार नाही.

बेस्याच्या घराला झाड नाही म्हणून भेगा पडणार नाहीत, असंही नाही. दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच: पाया मुरमापर्यंत, म्हणजे काळ्या मातीखालच्या घट्ट थरापर्यंत, गेलाय का? कॉलमचं घर असेल आणि कॉलम मुरमात असतील तर निंब फारसं बिघडवत नाही. उथळ पायाचं, नुसत्या विटांच्या भिंतींवर तोललेलं घर असेल तर मी स्वतः मागे फिरेन.

"घेऊ आणि झाड पाडून टाकू," असं भाचा सहज बोलून गेला. झाड घराच्या आधीचं असेल तर हे सगळ्यात महाग पडू शकतं. इतकी वर्षं त्यानं कोरडी ठेवलेली माती पुढच्या काही पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि फरशी उचलते. शिवाय स्वतःच्या प्लॉटमधलं असलं तरी 1975 च्या झाड संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे. आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. त्याच्या तोडीला आणखी फाटे फुटतात. बुंधा शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर भांडण फुकटात मिळतं.

जात मात्र बघायचीच. याच जागी पिंपळ किंवा उंबर असता तर मी नको म्हटलं असतं, वास्तूशास्त्रासाठी नव्हे, मुळांसाठी. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ. मृगाआधीच्या वावटळीत गाडीवर यायला वेळ लागत नाही. निंब त्या मानानं दणकट. जूनमध्ये लिंबोळ्या अंगणात कुजतात, तो वास ज्याचा त्यानं ठरवावा.

ड्रेनेज लाइन राहिली. आमचं चेंबर तुंबलं तेव्हा प्लंबरनं आतून हातभर लांब मूळ ओढून काढलं, अगदी गंगावनासारखं. जुन्या चिनी मातीच्या पाइपांच्या जोडांतून ते शिरलं होतं. पाइप बदलून पीव्हीसीचे टाकले, तेव्हापासून शांतता आहे. गच्चीच्या पाइपांच्या तोंडाला जाळी आणि पावसाआधी एकदा झाडू, एवढं बेस्यात लागणार नाही.

मी भाच्याला प्रतापनगर सांगितलं, दोन अटींवर. इसार देण्याआधी पश्चिमेच्या कोपऱ्यात एक खड्डा खणून पाया बघू दे म्हणावं, आणि ड्रेनेजची चेंबरं उघडून दाखव म्हणावं. पाइप जुनेच निघाले तर नव्या लाइनचा खर्च भावातून कापायचा. मालक खड्ड्याला नाही म्हणाला, तर बेस्याच्या पश्चिमेला आपणच एक निंब लावू, भिंतीपासून चांगला वीस-पंचवीस फूट लांब. प्लॉटमध्ये तेवढी जागा आहे का, ते रविवारी टेप घेऊन बघायला जातोय.