अडचणीचा कागद दाव्यातच मांडावा, की समोरच्याने काढेपर्यंत थांबावं?

मी दोन्ही करून पाहिलंय. पहिला दावा चुलतभावाविरुद्ध, सामाईक विहिरीच्या पाण्याचा. घरात झालेली एक वाटणीचिठ्ठी होती, शंभराच्या स्टॅम्पवर, खाली माझी सही. "नोंदणी नाही, उल्लेख कशाला?" असा सल्ला मिळाला आणि मला तो पटला. दुसरा दावा शेजाऱ्याविरुद्ध, शेतरस्त्याचा. तहसीलदारांनी माझा अर्ज आधी फेटाळला होता. तो निकाल मी दाव्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिला, नक्कलही जोडली.

वेगाचं म्हणाल तर गप्प राहण्याची बाजू जड. विहिरीच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, त्याच दिवशी एकतर्फी मनाई मिळाली. रस्त्याच्या दाव्यात आधी नोटीस निघाली, दोन महिने गेले, तेवढ्यात पेरणी रखडली. ज्याची घाई खरीच आहे त्याला हे जड जाईल, मान्य.

पण मिळालेली मनाई टिकायलाही हवी. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून नोटिशीविना मनाई घेतली असेल, तर ती उठवावी असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम ४ सांगतो. कायम ठेवायची तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात. भावाने चिठ्ठीची झेरॉक्स दाखल केली आणि माझी मनाई उठली.

तेही सोसलं असतं. सलत राहिलं ते वेगळंच. त्या चिठ्ठीत आठवड्यातले तीन दिवस पाणी माझ्या वाट्याला लिहिलेलं होतं! म्हणजे लपवलेला कागद निम्मा माझ्याच बाजूचा. पण उलटतपासणीत पहिला प्रश्न आला, "ही सही तुमचीच ना?" आणि दुसरा, "मग दाव्यात का नाही लिहिलं?" त्यानंतर तीन दिवसांची ओळ मी कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार? पुढची प्रत्येक तारीख त्या दुसऱ्या प्रश्नापाशीच अडली. रस्त्याच्या दाव्यात तहसीलदारांच्या निकालावर एकच तारीख खर्ची पडली, मग बोलणं रस्त्यावर आलं.

चेंगलवराय नायडू प्रकरणात तर वादीने स्वतः करून दिलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लपवून वाटपाचा हुकूमनामा मिळवला होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फसवणुकीने मिळवलेला म्हणून शून्यवत ठरवला.

सगळंच सांगावं असं नाही. वकिलांशी झालेलं बोलणं आपल्यापुरतंच राहतं, भाऊबंदकीतली जुनी उणीदुणीही दाव्यात नकोत. आधीचे दावे-अपिलं, दुसऱ्या कचेरीतला नकार आणि आपल्या सहीचा कागद मात्र मी तरी आता पहिल्या भेटीतच टेबलावर ठेवतो. नोंदणी नसलेली चिठ्ठी पुराव्यात चालेल का हा एक प्रश्न, तिचा उल्लेख करायचा का हा दुसरा. वकिलांना दोन्ही वेगवेगळे विचारा. मी एकच विचारला होता.