टाच घासण्याच्या वज्रीवरही नक्षी : पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय

पुण्याच्या बाजीराव रस्त्यालगत असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जे मांडले आहे, ते प्रामुख्याने १८व्या आणि १९व्या शतकांतील घरांत रोज हाताळले गेलेले सामान आहे : अडकित्ते, पानदाने, दिवे, दौती, कुलुपे, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी आणि देवघरातील उपकरणी. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास हा संग्रह सुरू केला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात मोलाची साथ लाभली, आणि लहानपणीच दगावलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. एकूण २०,०००हून अधिक वस्तूंपैकी सुमारे २,५०० वस्तू दालनांत पाहायला मिळतात.

माझ्या मते या संग्रहालयाचे खरे सामर्थ्य अडकित्त्यांच्या आणि वज्रींच्या कपाटांत आहे. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे, आणि त्यासाठी दोन दांडे, एक खीळ आणि धारदार पाते एवढे पुरेसे असते. तरीही येथे घोड्याचे, पक्ष्याचे, स्त्रीपुरुषाच्या जोडीचे रूप घेतलेले अडकित्ते दिसतात, आणि दांडे मिटले की त्या आकृत्या एकमेकींत नेमक्या बसतात. पाहुणा आला की पानाचे तबक पुढे यायचे, यजमान बोलता बोलता सुपारी कातरायचा आणि त्या वेळी सर्वांची नजर त्याच्या हाताकडे असायची. त्यामुळे अडकित्ता देखणा असावा, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते.

वज्रीच्या बाबतीत मात्र हे कारण लागू पडत नाही. टाचांवरची मळकट, जाड कातडी घासून काढण्याची ही वस्तू न्हाणीघरात, एकट्याने, कोणी पाहत नसताना वापरली जात असे. तिचा खालचा भाग खरखरीत असतो, कारण घासण्याचे काम त्याचेच. वरच्या भागावर मात्र कारागिराने पशुपक्षी आणि माणसांच्या आकृती ओतल्या आहेत, आणि काही वज्रींत तर आत लहान गोळ्या घातलेल्या असल्यामुळे पाय घासताना त्या खुळखुळत. अंघोळीच्या वेळी वज्री हातात घेणाऱ्या त्या एका बाईला किंवा पुरुषाला आनंद व्हावा, यापलीकडे या नक्षीचा दुसरा हेतू मला दिसत नाही. आपल्याकडील कारागिरीचा विचार आपण बहुधा देवळे, वाडे आणि पैठण्यांच्या आधारे करतो; तो न्हाणीघरापासून सुरू करायला हवा, असे हे कपाट पाहताना मला फार तीव्रतेने वाटले.

फण्यांकडेही सावकाश पाहावे. धातूच्या काही फण्यांत तेल भरण्यासाठी पोकळी ठेवलेली आहे, म्हणजे केस विंचरता विंचरताच तेल मुळांशी पोहोचत असे. दोन कामे एका हातात उरकण्याची ही सोय ज्याने शोधली, त्याला सकाळच्या घाईची पुरेपूर जाण असली पाहिजे.

बहुतेक पाहुण्यांची पावले मस्तानी महालाकडे वळतात. कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून हा कक्ष येथे उभारला आहे, आणि तो पाहण्याजोगा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु पेशवाईच्या ओढीने थेट तेथे गेले, तर घरगुती वस्तूंची दालने परतीच्या वाटेवर घाईत उरकली जातात. म्हणून आधी अडकित्ते, वज्री, फण्या आणि दिवे पाहावेत, आणि शक्य असल्यास घरातील आजी-आजोबांना सोबत न्यावे. फुरसतीचा दिवस निवडावा, कारण आजीने एका कपाटापाशी बोलायला सुरुवात केली की पुढच्या कपाटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिला जरूर द्यावा.