हळद गिरणीसाठी सात नळ्यांचा चुंबकी ड्रॉवर: काय धरतो, काय सोडतो

सांगलीत हळकुंडं दळणाऱ्या गिरण्यांसाठी, मालातलं लोखंड पकडायला हॉपरखाली (माल ओतायच्या नसराळ्याखाली) बसवायचा हा ड्रॉवर. एकाच थरात सात नळ्या, प्रत्येक २५ मिमी जाड, मधली फटही २५ मिमी, वरून ३०४ स्टेनलेस स्टील. आत निओडिमियमचे तुकडे सारखी टोकं समोरासमोर आणून बसवलेत, मध्ये लोखंडी चकत्या. म्हणूनच लोखंडी चुरा नळीभर सारखा न बसता बांगड्यांसारखा कडं-कडं करून चिकटतो.

पाटीवर १२,००० गॉस (चुंबकाच्या जोराचं माप) छापलंय. गॉसमीटरचं टोक नळीला टेकवलं तर १०,००० च्या आसपास भरतं. तेही चालेल. खरी मेख फटीत आहे: सव्वा सेंटिमीटर लांब गेलं की पाव जोरही उरत नाही, आणि फटीच्या मधोमध पडणारी पूड बरोबर तेवढ्याच अंतरावरून जाते. वरच्या फटीखाली नळी येईल असा दुसरा थर हवाच होता.

पल्व्हरायझरच्या (दळायच्या यंत्राच्या) हातोड्यांची झीज, खिळे, लोखंडावरची काळी खपली हे सगळं पक्कं धरतो. तांबडा गंज मात्र जेमतेम. त्याच्यात लोखंड असलं तरी चुंबकाला तो फारसा जुमानत नाही. पितळी बुशचा कीस, ॲल्युमिनियम, तांब्याची तार सरळ निसटतात. चाळणीची ३०४ ची तार फसवी. भांडं घेताना ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील’ म्हणतात, पण तार ओढताना धातूची आतली रचना थोडी बदलते आणि किंचित चुंबकीपणा येतो. तुकडा नळीला लागतो, पुढच्या लोटात वाहूनही जातो. त्यासाठी पॅकिंगआधी मेटल डिटेक्टर लागणारच.

नळीवरचं सगळं काळं म्हणजे हातोडेच झिजले, असं समजू नका. आपल्याकडचा काळा पाषाण मॅग्नेटाइट बाळगून असतो. हळकुंडाला राहिलेल्या मातीतली काळी रेतीही चिकटते. काचेवर घेऊन चमच्यानं दाबा: रेती करकरून फुटते, लोखंडी कीस चपटा, चमकदार राहतो. रेती जास्त निघाली तर दोष हळकुंडं घासून साफ करणाऱ्या पॉलिश ड्रमकडे शोधा.

नळीवर चुंबकाचा ग्रेड (किती उष्णता सोसतो ते) कोरलेला नाही, ही मोठी खोट. साधा एन ग्रेड ८० अंशांपुढे जोर गमावतो, आणि थंड झाल्यावर तो सगळा परत येत नाही. पल्व्हरायझरच्या आधी बसवायला हा ड्रॉवर ठीक. दळून निघालेल्या गरम पुडीसाठी १२० अंशांचा एच ग्रेड लिहून मागा.

सफाई दर पाळीला, मशीन बंद करून. पेसमेकर असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. ओलं फडकं मधून टोकाकडे ओढलं की चुरा टोकाच्या चुंबक नसलेल्या भागावर सुटायला हवा. इथे तो भाग जेमतेम बोटभर ठेवलाय, त्यामुळे चुरा उडी मारून परत नळीवर बसतो आणि शेवटी चिकटपट्टीनंच काढावा लागतो.