जुना बेंच लेथ आणि त्याची आटे पाडायची जोडणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

लांब आटे पाडायचे असतील तर ही जोडणी घेऊ नका, हे आधीच सांगतो. स्विस कंपनी शाउब्लिनच्या ७० किंवा १०२ (हे आकडे म्हणजे सेंटरची उंची, मिलिमीटरमध्ये) या धर्तीच्या साध्या बेंच लेथला लीड स्क्रू (टूलला लेथच्या लांबीभर ओढणारा लांब स्क्रू) नसतो, त्याला पकडणारा हाफ नटही नसतो. स्पिंडलच्या मागच्या टोकाकडून चेंज गिअर (आट्याच्या मापानुसार बदलायचे गिअर), तिथून दोन युनिव्हर्सल जॉइंटचा (कोनात वळणाऱ्या सांध्यांचा) शाफ्ट थेट टॉप स्लाइडच्या, म्हणजे टूल धरणाऱ्या वरच्या छोट्या स्लाइडच्या, स्क्रूला. टूल ओढते टॉप स्लाइड, त्यामुळे तिचा प्रवास संपला की आटाही संपला.

माझं काम मात्र आखूड आणि बारीक आट्यांचं: लेन्सच्या रिंगा, मायक्रोस्कोपचे अ‍ॅडाप्टर. ऑब्जेक्टिव्हचा जुना आरएमएस (रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीचा) आटा ०.८ इंच व्यासाचा, इंचाला ३६ फेरे, कोन ५५ अंश. व्यास, खांदा आणि आटा एकाच पकडीत होतात, जॉब सोडावा लागत नाही. इथे या लेथला तोड नाही.

मेट्रिक स्क्रूवर इंचाचे आटे अचूक पाडायला १२७ दातांचं गिअर हवं (इंच म्हणजे २५.४ मि.मी., त्याची पाचपट १२७), पण ते या लहानशा जोडणीत मावत नाही. त्याऐवजी ८० आणि ६३ दातांची जोडी लावली की १० मि.मी.मध्ये सव्वा मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. अडॅप्टरसाठी तो विसरून जा.

डोकं खाल्लं ते शाफ्टने. सुरुवातीला नट ठराविक अंतराने घट्ट-सैल लागायचा. गिअर तपासले, स्लाइडच्या गिब (ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) कसल्या, फरक शून्य. आधी कुणीतरी शाफ्ट उघडून परत जोडताना दोन्ही टोकांचे काटे (जॉइंटचे दोन बोटांचे भाग) एका रेषेत ठेवले नव्हते. ते जुळले नाहीत, तर एका जॉइंटमुळे वेगात होणारी चढउतार दुसरा खोडत नाही, उलट वाढवतो. शाफ्ट काढून काटे जुळवून बसवला आणि तो त्रास गेला.

टॉप स्लाइडवरच्या शून्याच्या खुणेवर विसंबू नका. टेस्ट बारवर (स्पिंडलमध्ये बसवायच्या अचूक सरळ सळईवर) डायल गेज फिरवून ती समांतर करा, नाहीतर आटा निमुळता येतो. (मुद्दाम निमुळता हवा असेल तर हीच सोय.) टॉप स्लाइड अडकलेली असल्याने तिरका कट देता येत नाही. क्रॉस स्लाइडने सरळच आत जायचं. पितळेत काही वाटत नाही, स्टीलमध्ये मात्र टूल थरथरतं, म्हणून शेवटचे कट अगदी हलके.

प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्यायचं, स्पिंडल उलटा फिरवायचा आणि जॉबच्या बऱ्याच अलीकडून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा) निघून जातो. आट्यांवर बसणारा चक असेल तर उलट फिरवताना तो सुटू शकतो, तेव्हा कॉलेटच (जॉबला चहूबाजूंनी आवळणारी चिरा पाडलेली नळी) बरं. खांद्याजवळ मी मोटर बंद करून पुली हाताने फिरवतो. वेळखाऊ आहे, पण टूल वाचतं.

घेताना चेंज गिअरचा पूर्ण संच आणि मूळ शाफ्ट आहे का ते आधी बघा. लेथ कुठूनही मिळेल, सुटे गिअर शोधताना मात्र जीव जातो.