क्लिफ्स ऑफ डोव्हर: कुठली तक्रार कुठल्या सालची, ते आधी बघा

‘आयएल-२ स्टर्मोविक: क्लिफ्स ऑफ डोव्हर’ हा १९४० च्या इंग्लंड-जर्मनी विमानयुद्धाचा संगणकावरचा गेम घ्यावा का, असं बेळगावात विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, नको, कच्चीच राहिलेली भाकरी आहे, करणाऱ्यांनीच अर्ध्यावर सोडली. दुसरा म्हणतो, १९४० चं स्पिटफायर हे इंग्रजी लढाऊ विमान इतकं खरं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नाही. दोघंही खरंच सांगतात, फक्त पहिला २०११ चा गेम सांगतो आणि दुसरा आजचा. दुकानाच्या पानावर मात्र दोघांची मतं एकाखाली एक येतात, आणि घेणाऱ्याचा गोंधळ तिथेच होतो.

मार्च २०११ मध्ये हा गेम युरोपात आला तेव्हा अपेक्षा प्रचंड होत्या. २००१ च्या मूळ आयएल-२ ने विमानयुद्धाच्या खेळांची पट्टी बदलली होती. प्रत्यक्षात लंडनवरून कमी उंचीवर उडालं की चित्र अडकत अडकत चालायचं. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांसाठी घातलेला एक फिल्टर सगळ्यांच्याच मशीनचा वेग खात होता, तो पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या फाइलमध्ये, बंद करता येऊ लागला. समीक्षकांनी कॉकपिट, प्रकाश आणि विमानाला होणाऱ्या इजेचं बारीक काम याचं कौतुक केलं. मेनू, कामगिरी आणि तुटपुंजी मोहीम यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. २०१२ मध्ये शेवटचा अधिकृत पॅच काढून मूळ काम थांबलं. मग टीम फ्यूजन या हौशी जाणकारांच्या गटाने २०१३ पासून स्वतः दुरुस्त्या काढल्या, पुढे त्यांना मूळ कोड अधिकृतपणे मिळाला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘ब्लिट्झ’ आवृत्ती आली. ऑगस्ट २०२० मध्ये ‘डेझर्ट विंग्ज – तोब्रुक’ हा उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटाचा भाग आला. सोडून दिलेल्या खेळाला त्याच्यावर जीव असणाऱ्यांनी पुन्हा उभं केलं, असं फार क्वचित घडतं. म्हणून २०१७ च्या आधीची कामगिरीबद्दलची तक्रार वाचली तर सरळ पुढे जा.

आजही खऱ्या असलेल्या तक्रारी वेगळ्या आहेत. संगणक चालवतो ती लढाऊ विमानं, आपण त्यांच्या मागे लागलो की, गोल गोल लोळत राहतात, आणि आपल्याला जशी इंजिनच्या गरमीची काळजी करावी लागते तशी ती करताना दिसत नाहीत. रेडिओवरून साथीदारांना दिलेला हुकूम कधी पाळला जातो, कधी नाही. सोबत येणारी मोहीम पातळ आहे, चांगली मोहीम हवी असेल तर लोकांनी केलेल्या उतरवून घ्याव्या लागतात. मिशन बनवायचं साधन मात्र ताकदीचं आहे, त्यात सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहिता येते. कंट्रोलचा मेनू आजही डोकेदुखी आहे. त्यात ‘अँथ्रोपोमॉर्फिक कंट्रोल’ नावाची एक खूण आहे. ती चालू असेल तर वैमानिकाला दोनच हात आहेत असं गेम धरतो, आणि थ्रॉटल सरकवताना दुसरी कळ दाबली तर ती चालतच नाही. जॉयस्टिक खराब आहे असं समजून लोक ती बदलायला निघतात. आधी ही खूण काढा.

नकारात्मक मतांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारी ओळ म्हणजे ‘इंजिन आपोआप बंद पडतं, बग आहे’. याच ओळीवर थांबायला हवं, कारण बहुतेक वेळा तो बग नसतो, तोच हा गेम असतो.

स्पिटफायर एक-ए आणि हरिकेन या इंग्रजी लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनात तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आहे. काठी जोरात पुढे ढकलली की विमान खाली आणि वैमानिक वर, तसंच पेट्रोलही वर उसळतं. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकाला, म्हणजे जेटला, पेट्रोल मिळत नाही, इंजिन खोकतं. मग एकदम जास्त पेट्रोल जातं आणि ते गुदमरून काळा धूर टाकतं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डीबी ६०१ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून तो सरळ नाक खाली घालून निघून जातो. इंग्रज वैमानिकांनाही हाच त्रास होता. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक साधी भोकाची चकती दिली, तेव्हा तो बराच आटोक्यात आला. १९४० च्या विमानात ती नाही. उपाय एकच: १०९ खाली गेला तर काठी पुढे ढकलू नका, आधी विमान पालथं करा आणि मग काठी ओढून खाली जा. पालथं करण्यात एखादा सेकंद जातो. तेवढ्यात तो निसटला तर निसटू द्या.

दुसरं कारण गरमी. स्पिटफायरचा पाण्याचा रेडिएटर उजव्या पंखाखाली आहे. जमिनीवर उभं असताना खाली आलेला चाकाचा पाय आणि संथ हवा यामुळे त्याला वारा मिळत नाही. नवा माणूस धावपट्टीच्या टोकाला यादी वाचत बसतो आणि तोवर तापमान १२० अंशांकडे जातं. रेडिएटर पूर्ण उघडा ठेवून सुरू करा, कूलंट (इंजिन थंड करणारं पाणी) साधारण ६० आणि तेल ४० अंशांवर आलं की लगेच उडा. हरिकेनचा रेडिएटर पोटाखाली मधोमध आहे, म्हणून शिकायला तो जास्त सोसणारा. चढताना ताशी १६० मैलांच्या खाली जाऊ नका, हवा कमी झाली की रेडिएटर उघडा असूनही उपयोग नाही.

तिसरं कारण मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, दांडा. या इंग्रजी विमानांत दांडा मागे म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पुढे म्हणजे वीक (पेट्रोल कमी). आजच्या विमानांची सवय असणारा सगळे दांडे पुढे करतो, आणि इंजिन उपाशी राहतं.

चौथं, प्रोपेलर. जुन्या स्पिटफायरच्या पंख्याच्या पात्यांना फाइन (कमी कोन) आणि कोर्स (जास्त कोन) एवढ्या दोनच जागा आहेत. फाइनवर ठेवून सूर मारला की इंजिनचे फेरे मिनिटाला ३,००० च्या वर जातात आणि इंजिन खरंच फुटतं. १०९ ई-३ मध्ये पंख्याचा कोन हाताने बदलायचा असतो आणि तो घड्याळासारख्या दर्शकावर दिसतो. उडताना काटा १२ च्या आसपास, मग वेग वाढेल तसा कोन वाढवत फेरे २,२०० ते २,४०० मध्ये धरायचे. हे एकदा हाताला बसलं की डोळे बाहेर ठेवता येतात. बसेपर्यंत मात्र चिडचिड होते, आणि ती चिडचिडच दुकानाच्या पानावर एका ओळीच्या शिव्यांत उतरते. ‘टेम्परेचर इफेक्ट्स’ आणि ‘कॉम्प्लेक्स इंजिन मॅनेजमेंट’ या दोन खुणा सुरुवातीला काढून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

बंदुकांचंही तसंच. स्पिटफायरच्या ८ ब्राउनिंग मशीनगनमध्ये प्रत्येकी ३०० गोळ्या, म्हणजे सलग दाबलं तर जेमतेम १५ सेकंद. १०९ ई च्या पंखातल्या २० मिलिमीटर तोफांना प्रत्येकी ६० गोळे, ७ सेकंदांत मोकळ्या. ‘गोळ्या लागतात पण विमान पडत नाही’ ही तक्रार बहुधा लांबून मारल्याची असते. गेममध्ये प्रत्येक बंदुकीचा पट्टा आणि गोळ्या कुठे एकत्र याव्यात ते अंतर ठरवता येतं. रॉयल एअर फोर्सने स्वतः ४०० यार्डांवरून २५० यार्डांवर हे अंतर आणलं होतं. गेममध्ये २०० मीटरवर ठेवा, आणि समोरच्या १०९ चा पंख निशाण्याच्या वर्तुळात भरून दिसेपर्यंत बोट लावू नका.

आता आपल्याकडचं. हा गेम जड ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग मागतो. ‘बिल्डिंग्ज’, ‘शॅडोज’ आणि ‘ग्रास’ उतरवले की लंडनवरचा अडखळपणा बराच जातो. गेम एसएसडीवरच टाका. बेळगाव शहरात एकवेळ ठीक, पण खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चार वेळा डोळे मिचकावते. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांना पुरतो, पण तो बदल करायला जो क्षण घेतो त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि तासाभराची मोहीम जाते. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॉट, त्यावर ग्राफिक कार्डाचं मशीन आणि मॉनिटर एकदम लोड आला की तो स्वतःच बंद पडतो. १,००० व्हीएचा घ्या आणि त्यावर संगणक, मॉनिटर, स्पीकर, राउटर सोडून दुसरं काही लावू नका.

जॉयस्टिकशिवाय हा गेम घेऊ नका. माउसने उडवता येणाऱ्या ‘वॉर थंडर’ या गेमची तुलना इथे चुकते, तिथे संगणक तुमच्या वतीने विमान सांभाळतो. स्वस्त काठीत हालचाल मोजायला घासून झिजणारे पोटेन्शियोमीटर असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात चार महिने ओल, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात काठी मध्यावर थरथरते आणि विमानाचं नाक डुलत राहतं. लोक त्यालाही उड्डाणाचं गणित चुकलंय म्हणतात. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून दांडा वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, तेवढ्याने भागलं नाही तर ५ टक्के डेडझोन द्या, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल गेम धरत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००एम मध्ये मुख्य दोन अक्षांना चुंबकीय सेन्सर आहेत, ते झिजत नाहीत. पण त्याच काठीची पिळायची सुकाणू-फिरकी पोटेन्शियोमीटरवरच आहे, तिची काळजी घ्यावीच लागते.

मान वळवून मागे बघता येणं ही या खेळातली अर्धी लढाई. त्यासाठी महागडं यंत्र नको. ‘ओपनट्रॅक’ हे फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखून चालतं. खोलीत उजेड कमी असेल तर ३ इन्फ्रारेड एलईडी एकामागोमाग एक (सिरीजमध्ये) जोडा, सोबत १० ओहमचा रोध द्या, यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात. ते हेडफोनच्या कडेला बसवा. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून त्याजागी घरात पडलेल्या जुन्या रोलच्या काळ्या निगेटिव्हचे दोन तुकडे लावा. एवढं इलेक्ट्रॉनिक्स बेळगावातल्या कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. पत्ऱ्याची किंवा पाइपची काठीची बैठक हवी असेल तर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत मापं घेऊन गेलं की झालं.

तोब्रुकच्या भागाबद्दल आपल्या गावात वेगळं बोलायला हवं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. २० जून १९४२ रोजी जर्मन हल्ला तोब्रुकच्या आग्नेय कडेवर आला, तेव्हा तिथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली मराठ्यांची दुसरी पलटण होती. आधी स्टुका आणि युंकर्स ८८ या जर्मन बॉम्बफेकी विमानांचा बॉम्बवर्षाव, मग रणगाडे, आणि २१ तारखेला तोब्रुक पडलं. गेममध्ये स्टुका उडवता येते, तो किनारा, तो खडकाळ पांढुरका माळ वरून दिसतो. टीम फ्यूजनने किटीहॉक, टॉमाहॉक, मॅकी २०२, वेलिंग्टन, बोफायटर अशी विमानं इथे मन लावून केली आहेत, आणि समीक्षकांनी त्याचीच वाहवा केली. जमिनीवरची लढाई मात्र फार विरळ आहे. खंदकात कोण होतं, याचा गेमला पत्ता नाही. महिंदरसिंग पुज्जींसारखे भारतीय वैमानिक इंग्लंडवर हरिकेन उडवून पुढे उत्तर आफ्रिकेतही लढले, त्यांच्यावर कुणीतरी मोहीम रचावी, साधन तर गेममध्येच दिलेलं आहे.

वाळवंटात गरमीचा प्रश्न दुप्पट होतो, म्हणून तोब्रुक आधी घेऊ नका. शिवाय रोज एक तास मिळणाऱ्या माणसाला तयार कारकीर्द हवी असेल, तर त्याच मालिकेतला ‘ग्रेट बॅटल्स’ बरा. त्यात २०१८ पासून चांगला करिअर मोड आहे आणि मेनूही सुटसुटीत आहेत. ऑनलाइन खेळायचं तर युरोपातली गर्दी त्यांच्या रात्री ९ ला जमते, म्हणजे आपल्याकडे साडेबारा ते दीड. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विमानं उड्या मारत दिसतात. तिथे दोष सर्व्हरचा नसतो, फायबर किंवा निदान तारेची जोडणी लागते.

घ्यायचंच ठरलं तर ‘ब्लिट्झ’ सेलमध्ये घ्या आणि पहिला आठवडा स्पिटफायरला हातही लावू नका. गेममध्ये टायगर मॉथ आहे, आपल्या हवाई दलानेही ज्यावर पिढ्या शिकवल्या ते. त्याला फ्लॅप नाहीत, ब्रेक नाहीत, रेडिएटर नाही. ताशी ६० मैलांवर उतरायला या, थ्रॉटल बंद करा, काठी हळूहळू पोटाशी घ्या आणि तीनही टेकू एकदम टेकू द्या. असं सलग दहा वेळा न उसळता जमलं की हरिकेन काढा.