इस्रायल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉग, अलिबाग

कुलाबा किल्ला पाहून परतणाऱ्यांनी अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉगसाठी तासभर वेळ अवश्य राखून ठेवावा. १८४८ साली उभारलेल्या आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेल्या या यहुदी प्रार्थनालयात आजही प्रार्थना होते, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचलेल्या यहुद्यांचे आपण वंशज आहोत, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातील यहुदी समाजाची, परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारी आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी घाणा बंद ठेवणारी ही माणसे कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेली. किहीमकर, पेणकर, रोहेकर या त्यांच्या आडनावांत इथलीच गावे आहेत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि मागे राहिलेली घरे मोजकीच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेले हेखल हे कपाट आणि प्रार्थना म्हणण्याचा तेबा हा चौथरा नांदते ठेवण्यामागचे कष्ट कळतात.

अशा वास्तूंच्या दुरुस्तीबद्दल मात्र मला कळकळीने लिहावेसे वाटते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावाच मानवतो, कारण तो आतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती कोंडून धरते. याच किनाऱ्यावरील दुसऱ्या एका जुन्या प्रार्थनालयात जोत्यालगतच्या सिमेंटचा पोपडा सुटून आला होता, मागे क्षारांचा पांढरा लोणा फुलला होता आणि बोट लावताच जांभ्याची भुकटी पडत होती. खर्च वाचवण्यासाठी केलेली अशी डागडुजी शेवटी भिंतीच्याच मुळावर येते. याउलट, मुंबईतील १८८४ सालच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली २०१९ मध्ये पूर्ण झाला. जाणकारांच्या हाती काम सोपवल्याने काय साधते, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. ग्रामीण सिनेगॉगांच्या वाट्याला तेवढे पाठबळ यायला हवे.

मागेन अबोथला जाताना शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळावा, तिथे देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्यावी, पुरुषांनी डोके झाकावे आणि निघताना दुरुस्तीसाठी यथाशक्ती देणगी द्यावी.