चेंडू परत आणायला शिकवताना: दोन चेंडू की खाऊ?

चेंडूमागे धावायला कुत्र्याच्या पिल्लाला शिकवावं लागत नाही. अडतं ते परत आणण्यावर आणि तोंडातून सोडण्यावर.

दोन चेंडूंच्या पद्धतीत दोन्ही अगदी सारखे हवेत, नाहीतर पिल्लू आवडता धरून बसतं. पहिला दोन-तीन मीटरवर टाका. त्याने उचलला की दुसरा हातात नाचवा आणि उलट दिशेला पळा. पिल्लाच्या मागे मात्र धावू नका. एकदा पकडापकडी सुरू झाली की चेंडू गेलाच म्हणून समजा. तोंडातला पडला त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा आणि दुसरा फेका. सुरुवातीला शब्द आधी वापरला तर तो नुसता आवाज ठरतो.

खाऊच्या पद्धतीत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा नाकाशी धरायचा, चेंडू सुटला की द्यायचा आणि चेंडू लगेच पुन्हा फेकायचा. वस्तू जपणाऱ्या, गुरगुरणाऱ्या पिल्लाला हीच बरी. खादाड लॅब्राडोर मात्र वाटेतच चेंडू टाकून खाऊकडे धावतो. मग तुकडा खिशात ठेवा, अंतर एका मीटरवर आणा.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाऊ सोयीचा. पॅसेज पुरतो, पण गुळगुळीत लाद्यांवर पाय घसरतात म्हणून सतरंजी अंथरा. दोन चेंडूंना सोसायटीचं आवार किंवा जुहूची ओली वाळू हवी, तीही उन्हं उतरल्यावर, पट्ट्याला लांब दोरी बांधून.

चेंडू घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या. टेनिसचा नकोच: त्याच्या लवेत वाळू अडकते आणि दात झिजतात. पाच-सहा फेका झाल्या की थांबा, पिल्लू अजून मागत असतानाच.